दिल्लीतल्या कोणत्या नेत्यांनी वेगळ्या विदर्भाले खरंच साथ देली?

मारेगावचा_भाऊ
राम राम मंडळी. आमच्या गावच्या वाचनालयात १ मे ले पोरांची भाषणं ठेवली आहेत. माहा पुतण्या नववीत आहे अन् त्यानं विषय घेतला वेगळा विदर्भ. रोज संध्याकाळी मी वावरातून आलो का तो ओसरीवर वही घेऊन बसलेला असते. काल त्यानं मले विचारलं, काका, आपल्यासाठी दिल्लीत कोणी बोललं का कधी, का आपले आपणच ओरडून राहिलो? मले विदर्भ आंदोलनाचे पुढारी जांबुवंतराव धोटे सोडून दुसरं नावच आठवेना, लय वाईट वाटलं. आमच्या गावाजवळच्या जिनिंगच्या भिंतीवर गेरूनं लिहिलेलं 'वेगळा विदर्भ झालाच पाहिजे' मी लहानपणापासून पाहून राहिलो, आता त्या 'झालाच' मधला 'च' पावसानं पार धुऊन गेला अन् 'झाला पाहिजे' एवढंच वाचता येते.
तर मले नावं पाह्यजेत, सालासकट, अन् खरी. व्हॉट्सअॅपवरचं नको, पोरगा सगळ्यांसमोर उभा राहणार आहे.

वणीच्या_बाई
भाऊ, सुरुवात तुमच्या शेजारच्या वणीपासूनच करा ना. लोकनायक बापूजी अणे वणीचे, जन्म १८८०. हा माणूस नुसता विदर्भाचा पुढारी नव्हता, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते आणि गांधीजींच्या उपासाच्या वेळी १९४३ मध्ये त्यांनी ते पद सोडलं, स्वातंत्र्यानंतर बिहारचे राज्यपाल झाले. सगळी मोठी पदं भोगून झाल्यावर माणूस घरी आराम करतो, हे मात्र १९६२ मध्ये एक्क्याऐंशीव्या वर्षी नागपुरातून अपक्ष उभे राहिले, नाग विदर्भ आंदोलन समितीच्या पाठिंब्यावर, आणि निवडून आले. महाराष्ट्र होऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती. मी वर्गात हे सांगते तेव्हा पोरं एक्क्याऐंशी आकड्यालाच थांबतात, म्हणतात आमचे आबाजी तर खाटेवरून उठत नाहीत.
दुसरं, राज्य पुनर्रचनेचा फाजल अली आयोग. १९५३ मध्ये केंद्र सरकारने नेमला, १९५५ मध्ये अहवाल दिला, त्यात विदर्भाचं वेगळं राज्य करा अशी सरळ शिफारस आहे. आयोगात फाजल अलींसोबत हृदयनाथ कुंझरू होते, ते तेव्हा राज्यसभेचे खासदार, आणि सरदार पणिक्कर. तिघातला एकही मराठी नाही, विदर्भाशी घेणंदेणं नाही, तरी त्यांना पटलं. पुतण्याला हे नक्की बोलायला सांगा.
आणि बाबासाहेब. १९५५ मध्येच त्यांनी भाषावार राज्यांवर लिहिलं, त्यात मराठी मुलखाचे चार भाग सुचवले, मुंबई शहर, पश्चिम, मध्य आणि पूर्व महाराष्ट्र. पूर्व म्हणजे आपण.

खामगाव_कापूसवाला
बाई तुमचं सगळं बरोबर आहे पण अर्धं सांगू नका, पोराले कोणी उलट प्रश्न केला तर तो अडकन. बाबासाहेबांनीच १९४८ मध्ये मराठी भाषिकांचं एकच राज्य व्हावं अशी बाजू मांडली होती, नंतर त्यांचं मत बदललं. मत बदलणं काही वाईट नाही, पण दोन्ही सालं सांगा.
अन् बापूजी अणे, ब्रिजलाल बियाणी यांच्या पिढीतच दोन तट होते हेही सांगा. विदर्भानं मराठी राज्यात यावं म्हणून १९४७ ले अकोला करार झाला, १९५३ ले नागपूर करार, दोन्हीवर आपल्याच लोकांच्या सह्या आहेत. लोकं दोन्ही करार एकच समजतात. नागपूरले हिवाळी अधिवेशन होते ते नागपूर करारामुळं. आमच्या बुलढाण्याकडं आजही सगळेच वेगळ्या राज्याच्या बाजूचे नाहीत, म्हणतात मुंबई गेली अन् नागपूरनं आपल्याले विचारलं नाही तर काय करता? हे मी विरोध म्हणून नाही लिहून राहिलो, मले स्वतःले राज्य पाह्यजे, पण या भीतीले उत्तर न देता भाषण होत नाही.

गोंदियाचा_राजू
माझ्या मते खरी चूक २००० मध्ये झाली. भाजपच्या राष्ट्रीय कार्यकारिणीनं १९९७ मध्ये भुवनेश्वरला वेगळ्या विदर्भाचा ठराव केला होता, आणि २००० मध्ये वाजपेयींचं सरकार, अडवाणी गृहमंत्री, नोव्हेंबरच्या एकाच महिन्यात छत्तीसगड, उत्तराखंड, झारखंड तीन राज्यं झाली. विदर्भ राहून गेला कारण शिवसेना सोबत होती आणि तिचा महाराष्ट्र तोडायला विरोध होता. आम्ही छत्तीसगडच्या सीमेवर राहतो, आमच्याकडचे म्हातारे सांगतात की एकेकाळी रायपूर, बिलासपूरच्या लोकांना कामासाठी नागपूरला यावं लागायचं, कारण मध्य प्रांताची राजधानी नागपूर होती, ती १९५६ मध्ये गेली. आता रायपूर राजधानी आहे आणि माझे बाबा मोटारपंपाच्या एका कागदासाठी विदर्भ एक्सप्रेसनं मुंबईला गेले, रात्रभर बसून, तिथल्या ऑफिसात साहेब सुट्टीवर, परत रात्रभर बसून. तिसऱ्या खेपेला कागद मिळाला तोवर धान कापून झालं होतं. मला त्या दिवशीचे बाबा आठवतात, पिशवीत सोबत नेलेल्या चार भाकरी तशाच परत आणल्या होत्या, खायचं मनच झालं नाही म्हणे.
काँग्रेसकडून वसंत साठे आणि एनकेपी साळवे ही नावं लिहा, दोघेही केंद्रात मंत्री राहिलेले. साळवे तर १९८३ मध्ये आपण वर्ल्डकप जिंकला तेव्हा क्रिकेट बोर्डाचे अध्यक्ष होते, पोरांना ते आवडेल. २००३ च्या सुमारास दोघांनी वेगळ्या विदर्भासाठी काँग्रेस सोडून वेगळा पक्ष काढला. मला त्यांच्याबद्दल आदर आहे, पण हे मंत्री असताना केलं असतं तर वजन वेगळं पडलं असतं.

मारेगावचा_भाऊ
लय उपकार झाले राजेहो. एक प्रश्न राह्यला. गावातले एक गुरुजी म्हणतात का मुंबईच्या विधानसभेनं ठराव केल्याशिवाय राज्य होतच नाही, अन् २८८ मध्ये आपले ६२ आमदार, म्हणजे कधीच होणार नाही. खरं हाय का हे?

यवतमाळ_वकील
गुरुजींचा गैरसमज आहे, तो खूप जणांचा असतो म्हणून सविस्तर लिहितो. राज्यघटनेचं कलम ३ वाचा. राष्ट्रपतींच्या शिफारशीनं विधेयक संसदेत येतं, त्याआधी ते राज्याच्या विधानमंडळाकडे मत मागायला पाठवतात. फक्त मत, ते संसदेवर बंधनकारक नाही. आणि संसदेत साधं बहुमत पुरतं. तेलंगणाच्या वेळी आंध्रच्या विधानसभेनं जानेवारी २०१४ मध्ये विधेयक फेटाळलं होतं, तरी फेब्रुवारीत दोन्ही सभागृहांत मंजूर झालं आणि २ जूनला राज्य झालं.
म्हणूनच तुमच्या पुतण्याचा प्रश्न मला इतका महत्त्वाचा वाटतो. आमदार मोजत बसण्यापेक्षा दिल्लीत कोण सोबत आहे हेच खरं. तेलंगणाला सोनिया गांधींची काँग्रेस सत्तेत होती आणि लोकसभेत विरोधी पक्षनेत्या सुषमा स्वराज याही बाजूनं उभ्या राहिल्या, दोन्ही मोठे पक्ष एकाच दिवशी एकाच बाजूला. विदर्भाच्या बाबतीत हे कधीच घडलं नाही. एक सत्तेत असला की दुसरा बोलतो. २०१६ मध्ये नाना पटोले भाजपचे खासदार असताना त्यांचं खासगी विधेयक लोकसभेच्या कामकाजात आलं तर इकडे विधानसभेत केवढा गोंधळ झाला. त्याच वर्षी महाधिवक्ता श्रीहरी अणे यांना, विदर्भासोबत वेगळ्या मराठवाड्याचंही बोलल्यावर, पद सोडावं लागलं. ते बापूजींचे नातू. मायावतींनीही विदर्भाला पाठिंबा दिला आणि २०११ मध्ये स्वतःच्या उत्तर प्रदेशचे चार भाग करायचा ठराव विधानसभेत पास केला, म्हणजे बोलल्या ते स्वतःच्या घरी करून दाखवलं. हेही नाव घ्या, आपल्याकडं ते विसरतात.

मारेगावचा_भाऊ
आत्ताच पोराले हे सगळं वाचून दाखवलं. त्यानं पहिल्या पानावर बापूजी अणे लिहिलं अन् बाजूले कंसात ८१. खामगावच्या भाऊंचा प्रश्नही लिहून घेतला, म्हणते का याचं उत्तर मी शेवटी देईन. पण भाषण पाच मिनिटांचं आहे, घड्याळ लावून पाह्यलं तर नऊ मिनिटं होऊन राहिली. साठे-साळवे काढू का?

वणीच्या_बाई
काढू नका, एका वाक्यात घ्या. अकोला करार काढा, नागपूर करार ठेवा. आणि त्याला म्हणावं रायपूरचं सावकाश बोल, तिथं घाई करू नको. १ मे ला मी येते ऐकायला, मारेगाव काही लांब नाही.