सोसायटी बिलिंगचं वेब ॲप: सोर्सकोड विकावा की सेवा म्हणून चालवावं?

निळा_कर्सर (धागाकर्ता)

गृहनिर्माण सोसायट्यांची देखभाल बिलं काढणारं वेब ॲप एकट्याने लिहून झालंय. लारावेल (पीएचपीतला तयार सांगाडा), पोस्टग्रेस (डेटाबेस) आणि एक छोटा सर्व्हर. बिल, पावती, थकबाकीवरचं व्याज, सभासद नोंदवही आणि टॅलीत घेता येईल अशी एक्सएमएल फाइल एवढं नीट चालतं. तीन सोसायट्या सध्या फुकट वापरतात. सुमारे साठ सोसायट्यांच्या वह्या लिहिणारी ठाण्याची एक फर्म साडेचार लाखांत "सगळं" मागतेय. दुसरा रस्ता म्हणजे फ्लॅटमागे महिना १० रुपये घेऊन ॲप बाजारात उतरवायचं. नोकरी सोडणार नाही, हे धरून मतं द्या. आकड्यांशिवायची मतं नकोत.

ताळेबंद

विका. ८० फ्लॅटची सोसायटी धरा: महिना ८०० रुपये, वर्षाला ९,६००. साडेचार लाख गाठायला एका वर्षात ४७ सोसायट्या लागतील, तेही सर्व्हर, एसएमएस आणि तुमचा वेळ शून्य धरून. सोसायटी गिऱ्हाईक म्हणून कशी असते तेही बघा. निर्णय समितीच्या सभेत, पैसे चेकने आणि वर्षातून एकदा. खजिनदार बदलला की प्रशिक्षण पहिल्यापासून.

खरं काम बिल काढण्याचं नाहीच, सुरुवातीच्या शिलकी भरण्याचं आहे. जुन्या एक्सेलमध्ये "बाकी १३,२६०" असा एकच आकडा असतो. आदर्श उपविधींप्रमाणे थकबाकीवर जास्तीत जास्त २१ टक्के व्याज, तेही सरळ. म्हणजे त्या १३,२६० मध्ये मुद्दल किती आणि व्याज किती हे आधी वेगळं काढायला हवं. समजा मुद्दल १२,००० आणि सहा महिन्यांचं व्याज १,२६०. पुढच्या महिन्याचं व्याज १२,००० वर १.७५ टक्के, म्हणजे २१०. ॲपने एकूण बाकीवर लावलं तर २३२ रुपये ५ पैसे होतात आणि ते व्याजावर व्याज. एखादा जागरूक सभासद हे निबंधकांकडे घेऊन गेला की सचिव पहिला फोन तुम्हाला करणार. असे ८० फ्लॅट गुणिले ४७ सोसायट्या. नोकरी सांभाळून?

कमांडलाइन_काका

ताळेबंदांचा हिशेब बरोबर आहे, निष्कर्ष चुकलाय. ४७ सोसायट्यांना विकायचंच कशाला? समोरच्या फर्मकडे साठ सोसायट्या आहेत. ८० फ्लॅटच्या सरासरीने, अर्ध्या दराने म्हणजे ५ रुपयांनीही वर्षाला २ लाख ८८ हजार होतात. फर्मला हे कळतं, म्हणून तर "सगळं" हवंय. दोन वर्षांच्याही वसुलीपेक्षा कमी पैशात कायमची मालकी मागताहेत.

गिऱ्हाईक सोसायटी नको, हिशेबनीस हवा. त्याला मुद्दल आणि व्याज वेगळं करता येतं, नॉन-ऑक्युपन्सी शुल्क (फ्लॅट भाड्याने दिल्यावरचं) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर जाता कामा नये हे ठाऊक असतं, सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठीची गंगाजळी) बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का हेही सांगावं लागत नाही. सचिवांचे फोन तोच घेतो. तुमच्याकडे येतील ते फक्त खरे बग. गर्दीही ठरलेली: बिलांच्या तारखा, एप्रिल-मे मध्ये वर्षअखेर, आणि सप्टेंबरअखेरच्या वार्षिक सभेआधीची पळापळ.

ताळेबंद

काका, त्याच हिशेबनिसाच्या सोसायट्यांपुढे मायगेट, नोब्रोकरहूड, अड्डा आहेतच. समितीला फाटकावरची पाहुण्यांची नोंद आणि बिलिंग एकाच जागी मिळतं. "तुमच्यात व्हिजिटर एंट्री आहे का?" हा प्रश्न दुसऱ्या मिनिटाला येतो.

आणि वसुली? कार्डाने भरणा घेतला की पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे गोळा करून देणारी कंपनी) साधारण २ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी घेतो. ५,००० च्या बिलावर ११८ रुपये. ते सभासद देत नाही आणि सोसायटीही देत नाही. मग सगळे एनईएफटी करतात, शेरा लिहितात "मेंटेनन्स", फ्लॅट नंबर गायब. बँक पासबुक आणि बिलं जुळवत बसणं हाच अर्धा धंदा आहे.

कमांडलाइन_काका

त्याला उपाय आहे. प्रत्येक फ्लॅटला वेगळा व्हर्च्युअल खातेक्रमांक घ्यायचा, शेऱ्यात काहीही लिहिलं तरी पैसे कुणाचे ते कळतं. फक्त एक पथ्य: पैसे आधी स्वतःच्या खात्यात घेऊन मग सोसायटीला वळते करायचे नाहीत. तसं केलं की रिझर्व्ह बँकेच्या पेमेंट ॲग्रिगेटरच्या नियमांत अडकाल. रक्कम गेटवेकडून थेट सोसायटीच्या खात्यात पडली पाहिजे.

एसएमएसचं मात्र मान्य. ट्रायच्या २०१८ च्या नियमांमुळे हेडर (पाठवणाऱ्याचं नाव) आणि मजकुराचा साचा डीएलटीवर (टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणी व्यवस्थेवर) नोंदवावा लागतो. मराठी मजकूर युनिकोड असल्याने एका भागात ७० अक्षरं, लांब संदेशात ६७. "आपले एप्रिल ते जून या तिमाहीचे देखभाल बिल तयार आहे" एवढ्यावर रक्कम, मुदत आणि दुवा जोडला की दोन भाग होतात, पैसेही दुप्पट. छोट्या ॲपने ईमेलवर भागवावं.

विक्रीखत

दोघेही किमतीवर भांडताय, आणि "सगळं" म्हणजे काय हे कुणी विचारलंच नाही.

कॉपीराइट अधिनियम १९५७, कलम १९. हक्क हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी हवं. मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. वेगळं ठरलं नसेल आणि घेणाऱ्याने एका वर्षात हक्क वापरला नाही, तर तो हक्कच संपतो. खरेदीदाराचा वकील हे सगळं भरून घेईलच, पण तोवर "सगळं" या शब्दावर हो म्हणू नका. हस्तांतरण आणि परवाना यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. हस्तांतरणानंतर त्याच कोडवरून दुसरं ॲप काढणं हा तुमचाच गुन्हा ठरू शकतो.

दुसरं, कलम १७. नोकरीच्या ओघात केलेलं काम, वेगळा करार नसेल तर, मालकाचं. नेमणूकपत्रातलं बौद्धिक संपदेचं कलम वाचा. कंपनीचा लॅपटॉप किंवा कंपनीचं गिट खातं वापरलं असेल तर विकण्याआधी लेखी ना-हरकत घ्या. चालवायचं असेल तरीही घ्या, त्यातून सुटका नाही.

तिसरं: पीडीएफ कशाने काढता?

निळा_कर्सर

एमपीडीएफ. डॉमपीडीएफमध्ये मराठी फुटत होतं, जोडाक्षरं सुटी पडत आणि ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षरावर जात होती. नेमणूकपत्र बघतो. लॅपटॉप घरचाच आहे.

विक्रीखत

वाटलंच होतं. एमपीडीएफ जीपीएल आवृत्ती २ खाली आहे, म्हणजे कोड पुढे दिला तर तो त्याच खुल्या परवान्याखाली द्यावा लागतो. सर्व्हरवर सेवा म्हणून चालवलंत तर तुम्ही कोड कुणाला देतच नाही, त्यामुळे जीपीएलची वितरणाची अट लागत नाही. पण फर्मला कोड दिला की ते वितरण झालं, आणि त्याला जोडलेलं तुमचं ॲपही जीपीएलखालीच द्यावं लागेल असा दावा उभा राहतो. "हा कोड पूर्णपणे माझा आहे, कुणाचं बंधन नाही" ही हमी करारात असणारच. तिच्यावर सही करण्याआधी कंपोझरची (पीएचपीची पॅकेजेस आणणाऱ्या साधनाची) 'लायसेन्सेस' ही आज्ञा चालवून यादी काढा. जावास्क्रिप्टच्या पॅकेजेसचीही काढा.

कमांडलाइन_काका

म्हणजे चालवण्याच्या बाजूने आणखी एक मुद्दा!

विकायचंच असेल तर हेडलेस क्रोमियमने (खिडकी न उघडता चालणाऱ्या ब्राउझरने) एचटीएमएलची पीडीएफ काढा, देवनागरी अगदी नीट येते. मेमरी मात्र भरपूर लागते: एकेका प्रक्रियेला शेकडो एमबी. तारखेला ८० बिलं एकदम काढायला गेलात तर २ जीबीचा सर्व्हर झोपतो. रांगेत टाकायची, एका वेळी एक किंवा दोन. आणि नोटो देवनागरी फाँट सर्व्हरवर टाकायला विसरू नका, नाहीतर ८० पानांवर चौकोन छापून येतील.

मुळामुठा

मधला रस्ता कुणी बोलत नाही म्हणून लिहिते. मालकी देऊ नका, अनन्य नसलेला परवाना द्या. फर्मच्या सर्व्हरवर एक प्रत, साठ सोसायट्यांची मर्यादा, एकरकमी दीड-दोन लाख आणि दरवर्षी त्याच्या १८ ते २० टक्के देखभाल करार. उपविधी किंवा जीएसटी बदलला की सुधारणा त्यात. जीएसटीचा भाग तसाही जपूनच लिहावा लागतो: सभासदाचं मासिक योगदान ७,५०० च्या वर आणि सोसायटीची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर, दोन्ही असेल तरच तो लागतो. फर्मला भीती असते की तुम्ही उद्या गायब व्हाल. त्यासाठी सोर्सकोड तिसऱ्याकडे अनामत ठेवा: सलग ठरावीक दिवस प्रतिसाद नाही, तर फर्मला खुला.

ताळेबंद

मुळामुठाताई, कागदावर उत्तम. पण फर्म हे का घेईल? तेच ॲप उद्या शेजारच्या हिशेबनिसाला मिळणार असेल तर तिला काय उपयोग? त्यांना हत्यार दुसऱ्याच्या हातात नको आहे, म्हणून साडेचार लाख. परवान्याला पन्नास-साठ हजारांच्या वर जाणार नाहीत असा माझा अंदाज.

आणि प्रती वाढल्या की दुरुस्त्याही वाढतात. फर्मच्या सर्व्हरवर जुनी पीएचपी आहे, बॅकअप बंद पडलाय, हे कोण बघणार? त्यापेक्षा एकाच जागी चालवलेलं परवडलं. विरोधकाच्या बाजूने बोलतोय, पण हे खरं आहे.

मुळामुठा

मग फक्त ठाणे जिल्ह्यापुरता अनन्य परवाना द्या, दोन वर्षांसाठी. पुण्याचे हिशेबनीस मोकळे राहतात.

कमांडलाइन_काका

ते चाललं तर सोनं. पण पैसे घेऊन चालवणार असाल तर त्याआधी हे करा, फुकटच्या तीन सोसायट्यांवर निभावलंय म्हणून पैशाच्या साठांवर निभावेल असं नाही.

बिलाच्या दुव्यातला क्रमांक १०४२ चा १०४३ केला आणि शेजाऱ्याचं बिल उघडलं, तर दुकान बंद. डेटाबेसला विचारलेल्या प्रत्येक क्वेरीत सोसायटीचा आयडी लागला पाहिजे, आणि एखाद्या ठिकाणी राहिलाच तर पोस्टग्रेसची रो-लेव्हल सुरक्षा (कोणत्या ओळी कुणाला दिसाव्यात हे ठरवणारी) अडवते. मात्र ॲप ज्या वापरकर्त्याने टेबलं बनवली त्याच नावाने जोडत असेल तर ती सुरक्षा मुळात लागूच होत नाही, सक्तीची करावी लागते. इथेच बहुतेक फसतात. रकमा पैशांत पूर्णांक म्हणून ठेवा, फ्लोट (दशांश अंदाजे साठवणारा प्रकार) नको. आलेली रक्कम आधी व्याजाला, मग मुद्दलाला: वरच्या उदाहरणात ५,००० आले तर १,२६० व्याजाचे, ३,७४० मुद्दलाचे, मुद्दल उरलं ८,२६०. पावती रद्द करताना हेच उलटं फिरलं पाहिजे. चेक परत येतातच.

रोजचा बॅकअप दुसऱ्या कंपनीच्या जागेत. महिन्यातून एकदा तो कोऱ्या सर्व्हरवर उतरवून बिलांची बेरीज जुळवा.

विक्रीखत

विकण्याच्या बाजूचंही तेवढंच ठोस घ्या. सहीला निम्मे, कोड त्यांच्या सर्व्हरवर चालून एका सोसायटीची तिमाही बिलं निघाली की उरलेले. नंतरची मदत तासांत मोजून द्या, "गरजेप्रमाणे" लिहू नका. जबाबदारीची कमाल मर्यादा म्हणजे मिळालेली रक्कम. गिटच्या (कोडचे बदल साठवणाऱ्या साधनाच्या) जुन्या इतिहासात पासवर्ड आणि गेटवेच्या चाव्या पडलेल्या असतात, आधी सगळ्या बदला. स्पर्धा न करण्याचं कलम येईल. करार कायद्याच्या कलम २७ प्रमाणे धंद्याला मनाई सहसा रद्दबातल असते, पण नावलौकिकासह धंदा विकला तर वाजवी स्थानिक मर्यादेत ती टिकते. म्हणून करारात फक्त कोडचं हस्तांतरण, 'गुडविल' हा शब्दच नको. पैसे टीडीएस कापून येतील आणि ते धंद्याचं उत्पन्न की भांडवली नफा यावर कर बदलतो, ते सीएला आधी विचारा.

ताळेबंद

आणि त्या तीन फुकट सोसायट्या? त्यांच्या सभासदांची नावं, फोन, थकबाकी तुमच्या डेटाबेसात आहे. कोड तुमचा असेल, हा डेटा सोसायटीचा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा कायद्यात सुरक्षेत कसूर झाल्यास दंडाची कमाल २५० कोटी आहे. फर्मला डेटाबेस जसाच्या तसा देऊ नका. तिघींना लेखी कळवा, टॅलीची फाइल आणि सगळी बिलं पीडीएफमध्ये द्या, समितीचा ठराव आला तरच डेटा पुढे.

निळा_कर्सर

ठीक. फर्मला ठाणे जिल्हा, दोन वर्षं, अनन्य परवाना असा प्रस्ताव पाठवतो, दोन लाख आणि २० टक्के वार्षिक. त्याआधी एमपीडीएफ काढून क्रोमियम. नाही म्हणाले तर विक्रीचा मसुदा विक्रीखतांच्या अटींवर. तिन्ही सोसायट्यांना ३१ मार्चआधी कळवतो, म्हणजे काहीही ठरलं तरी नव्या वर्षाच्या शिलकी एकाच जागी सुरू होतील.

ताळेबंद

दोन लाखांना हो म्हणाले तर इथे लिहा. मला अजून वाटत नाही.