सल्ला हवा: पाच जण, एक कंट्रोलर, कोण जगणार कोण मरणार ते आपण ठरवायचं असा हॉरर गेम

तोरणा_व्हाया_राजगड
नमस्कार मंडळी, येत्या शनिवारी रात्रीसाठी गेम सुचवा. पार्श्वभूमी जरा लांब आहे, सहन करा.

कॉलेजपासूनचा पाच जणांचा ग्रूप, दर पावसाळ्यात एक ट्रेक ठरलेला. यंदा एकाचा लिगामेंट गेलाय (ट्रेकमध्ये नाही, सोसायटीच्या पार्किंगमध्ये शेवाळावरून घसरला, सांगताना त्यालाच लाज वाटते) म्हणून सगळे त्याच्याच सिंहगड रोडच्या फ्लॅटवर रात्रभर बसणार आहोत. त्याच्याकडे पीएस५ (सोनीचा गेम कन्सोल) आहे, कंट्रोलर एकच चालतो, दुसऱ्याची स्टिक आपोआप डावीकडे जाते.

हवंय असं की माणसं कुठेतरी अडकलेली असतात, बाहेर जायला वाट नाही, आणि तुम्ही काय ठरवता त्यावर कोण मरतं ते ठरतं. कारण आमचं सहा वर्षांपूर्वी खरंच असं झालं होतं. तोरणा ते राजगड करताना बुधला माची उतरल्यावर धुकं असं आलं की पुढच्याची सॅक दिसेना, एकाने ठामपणे सांगितलं डावीकडे, आणि संजीवनी माचीवर जायचं ते आम्ही रात्री साडेआठला कुठल्याशा वाडीत एका आजींच्या पडवीत. डावीकडे कोण म्हणालं यावर आजतागायत एकमत नाही. ते भांडण परत व्हावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

अडचणी: दोघं अजिबात गेम खेळत नाहीत, त्यातल्या एकाने शेवटचं बटण शाळेत असताना कॅसेटवाल्या मारिओत दाबलंय. एकाला दचकायला होतं. आणि घाईघाईत इंग्रजी वाचायला सगळ्यांना जमेलच असं नाही.

बिनसाखरेचा
अनटिल डॉन. विषय संपला.

मिसळीतला_पाव
विषय संपला काय, जरा सांग की त्यांना.

अनटिल डॉन २०१५ चा, सुपरमॅसिव्ह गेम्स नावाच्या ब्रिटिश स्टुडिओचा. बर्फाच्या डोंगरावरचं घर, आठ मित्रमैत्रिणी, वर जायला फक्त केबल कार. वर्षभरापूर्वी तिथेच त्यांच्यातल्या दोन जुळ्या बहिणी गायब झालेल्या असतात. पुढचं सांगत नाही. आठच्या आठ वाचू शकतात नाहीतर आठच्या आठ जाऊ शकतात. आणि सेव्ह आपोआप होतं, मागचं उघडून 'परत करू' हा प्रकारच नाही, गेला तो गेला. रामी मॅलेक आहे त्यात, ऑस्कर मिळायच्या आधीचा.

एक सांगतो, त्यात काही ठिकाणी कंट्रोलर अजिबात न हलवता धरायचा असतो, श्वास रोखून लपल्यासारखा. हात थरथरला की पकडलं. आमच्याकडे सगळे हसत होते म्हणून एक चांगली पोरगी गेली. तसं आलं की सरळ टीपॉयवर ठेवून द्या, चीटिंग आहे पण कोण बघतंय.

बिनसाखरेचा
टीपॉयवर ठेवणाऱ्यांशी मी बोलत नाही.

कर्वेनगरकर
गेम भारी आहे पण यांना एका रात्रीत संपवायचाय ना? अनटिल डॉनला आठ-दहा तास जातात, त्यात पाच डोकी, प्रत्येक निवडीला भांडण, मध्ये चहा, मध्ये भजी. रविवारी दुपारपर्यंत बसाल. क्वॉरी (२०२२, त्याच लोकांचा) पण तेवढाच मोठा. समर कॅम्प संपलेला असतो, गाडी बिघडते, त्या पोरांना एक रात्र जास्तीची काढावी लागते, एवढीच सुरुवात. त्याला १८६ शेवट आहेत म्हणे, मी दोन पाहिले आणि दोन्हीत माझी आवडती माणसं मेली, त्यामुळे बाकी १८४ माझ्यातर्फे दान. हां, पण त्यात बटणाबिटणाची कटकट सेटिंगमध्ये जाऊन आपोआप करता येते आणि नुसतं पिक्चरसारखं बघायचाही मोड आहे, तो तुमच्या लिगामेंटवाल्याला एकट्याला दुपारी बरा.

तुम्हाला एका रात्रीसाठी डार्क पिक्चर्स मालिका. २०१९ ते २०२२ दरवर्षी एक असे चार आले: मॅन ऑफ मेडान, लिटल होप, हाऊस ऑफ ॲशेस, डेव्हिल इन मी. बहुतेक पाच-सहा तासांत उरकतात. आणि मुख्य म्हणजे प्रत्येकात खेळायची पाच माणसं असतात. तुम्ही पण पाच. मूव्ही नाईट नावाचा मोड आहे, सुरुवातीला प्रत्येकाने आपापलं पात्र निवडायचं, त्याची वेळ आली की गेमच सांगतो कंट्रोलर कोणाकडे द्या. म्हणजे एक कंट्रोलर हा प्रॉब्लेमच नाही, खेळ तसाच बनवलाय.

तोरणा_व्हाया_राजगड
हे तर मापाने शिवल्यासारखं झालं. चारातला कुठला? लिटल होपचं वर्णन वाचलं, बस उलटते आणि धुक्यामुळे गावाबाहेर पडता येत नाही. आमच्यासाठीच लिहिलाय वाटतं.

पानशेतचा_पाणलोट
धुक्याला भुलू नकोस भावा. लिटल होप वातावरणात एक नंबर, पण शेवट बघून निम्मे लोक वैतागतात. पाच तास जीव मुठीत धरून बसल्यावर तो शेवट आला की तुमचा ग्रूप तुलाच मारेल. मॅन ऑफ मेडान (समुद्रात डायव्हिंगला गेलेले लोक, मग वादळ, चाचे आणि एक गंजलेलं बेवारस जहाज) ठीक आहे, सुरुवात संथ.

हाऊस ऑफ ॲशेस घे. २००३ चं इराक, झाग्रोसचे डोंगर, अमेरिकन सैनिक रासायनिक शस्त्रं शोधत येतात, इराकी तुकडीशी चकमक होते आणि त्यातच जमीन खचून सगळे खाली पडतात, खाली अक्कडच्या काळातलं पुरलेलं देऊळ. सुरुवातीचा प्रसंग तर इसवीसनपूर्व २२३१ मधला, राजा नरामसिन. हा राजा खरा बरं का, अक्कडचा, सार्गनचा नातू. मला इतिहासाचं वेड म्हणून मी त्या भागातच अर्धा तास भिंती बघत होतो, बायको म्हणाली राक्षस कधी येणार.

याची गंमत अशी की पाचातले चार अमेरिकन आणि एक सलीम, इराकी सैनिक. वर एकमेकांवर गोळ्या झाडत होते, खाली आल्यावर तिसरंच काहीतरी दोघांच्याही मागे लागतं. आता विश्वास ठेवायचा का नाही हे तुम्ही ठरवायचं. नुसतं पळापळीचं हॉरर नाहीये. सलीम कोणी घ्यायचा यावर आधीच चिठ्ठ्या टाका नाहीतर मारामारी होईल.

गच्चीवरचा_अँटेना
मी जरा पाणी ओततो. या सगळ्या गेममध्ये निवड म्हणजे बऱ्याचदा लक्ष्मी रोडने जा नाहीतर कुमठेकर रोडने जा, पोचणार मंडईच्या आसपासच. प्रत्येक निवडीची वेगळी गोष्ट लिहायची तर खर्च आभाळाला टेकेल, म्हणून वाटा फुटतात आणि दोन प्रसंगांनी परत एकत्र येतात. मेलेल्या माणसाचे संवाद दुसरा कोणीतरी बोलतो. दुसऱ्यांदा खेळलात की शिवण दिसायला लागते.

मिसळीतला_पाव
मान्य, पण पहिल्यांदा खेळताना कोणाला दिसते शिवण? आणि वाट एकत्र आली तरी लक्ष्मी रोडवर जो गेला तो मंडईत नसतो ना रे. पात्र मेलं की त्या माणसाकडे कंट्रोलर येणं बंद, तो बिचारा भजी आणायच्या कामाला.

गच्चीवरचा_अँटेना
हे मात्र खरं. म्हणून म्हणतो एकदाच खेळा, आणि कोणी मेलं तर पुन्हा सुरू करू नका.

गृहिणी_गेमर
मी पंधरा वर्षांच्या मुलाबरोबर आणि सासूबाईंबरोबर यातले तीन खेळलेय, हो सासूबाई, त्यांना इंग्रजी बेताचंच येतं पण माणसं बरोब्बर ओळखतात, 'हा मुलगा खोटं बोलतोय, याला बरोबर नेऊ नका' असं पहिल्या दहा मिनिटांत सांगतात आणि नव्वद टक्के वेळा खरं निघतं.

वाचायच्या घाईबद्दल: सबटायटल आधीच चालू करून ठेवा आणि मोठ्या आकाराची करा. एक जण वाचून सांगणारा नेमा, त्याने भाषांतर करायचं नाही फक्त 'हिला खरं सांगू का गप्प बसू' एवढंच ओरडायचं. उत्तर द्यायला वेळ थोडा असतो पण काहीच न निवडणं ही पण निवड धरली जाते, त्यामुळे नवखा माणूस गोंधळून गप्प बसला तरी गोष्ट पुढे जाते, कधीकधी तेच शहाणपणाचं ठरतं. हाऊस ऑफ ॲशेसमध्ये सोपं-अवघड निवडता येतं, सर्वांत सोपं घ्या, लाजू नका, बटण दाबायला जास्त वेळ मिळतो. तुमच्या मारिओवाल्याला आधी एकदा चौकोन त्रिकोण गोल फुली कुठे आहेत ते अंधारात चाचपून दाखवायला लावा. आमच्याकडे सासूबाईंच्या हातून त्रिकोणाऐवजी चौकोन दाबला गेला आणि एक तरणाताठा मुलगा गेला, त्यांनी दुसऱ्या दिवशी उपास केला असता एवढं वाईट वाटून घेतलं.

दचकणाऱ्या माणसाला सोफ्यावर मधोमध बसवा. आणि तो पावसाचा शनिवार असेल तर लाईटचं बघा, इन्व्हर्टरवर टीव्ही चालेल, पीएस५ ला तो इन्व्हर्टर पुरतो का ते आधीच विचारा.

बिनसाखरेचा
सासूबाईंचं अकाउंट काढून द्या, त्यांचे सल्ले थेट वाचायला आवडतील.

अर्धवट_पुणेकर
धागा हायजॅक करतोय, सॉरी. माझ्याकडे पीएस नाही, ऑफिसचा जुना लॅपटॉप आहे, ग्राफिक कार्ड नाही. अशा गरिबाला काही?

कर्वेनगरकर
ऑक्सनफ्री. २०१६ चा, एका बेटावर रात्रीची पार्टी करायला गेलेली पोरं, फेरी सकाळीच, आणि एक रेडिओ. चालता चालता बोलत राहायचं, उत्तर दिलं नाही तर समोरचा पुढे बोलून मोकळा. भीती अंगावर येणारी नाही, मागून हळूच येणारी. नाहीतर टेलटेलचा वॉकिंग डेड, २०१२ चा, पाच भाग, जुन्या मशीनवर पण आरामात. शेवटी रडलास तर मला दोष देऊ नकोस. स्टीमवर (कॉम्प्युटर गेम विकणारं ऑनलाइन दुकान) घेतलास तर दोन तासांपेक्षा कमी खेळून चौदा दिवसांच्या आत परत करता येतो, आधी चालवून बघ.

तोरणा_व्हाया_राजगड
सगळ्यांचे आभार. हाऊस ऑफ ॲशेस घेतलाय, डाउनलोडला लावलाय. सोमवारी रिपोर्ट देतो.

तोरणा_व्हाया_राजगड
रिपोर्ट. ज्यांना खेळायचाय त्यांनी पुढचा परिच्छेद वाचू नका, एक प्रसंग फुटणार आहे.

चिठ्ठ्या टाकल्या. लिगामेंटवाल्याला आला एरिक, ज्याचा एक पाय गेममध्ये कृत्रिम आहे. इथेच आम्ही पाच मिनिटं हसत होतो. आणि त्याच्या बायकोला (तीही आमच्याच बॅचची) आली रेचेल, जी गेममध्ये एरिकची दुरावलेली बायको. हे आम्ही ठरवून केलेलं नाही, चिठ्ठ्या अजून माझ्या खिशात आहेत. तर मंडळी, एक प्रसंग येतो ज्यात रेचेल दोराला लटकलेली आहे आणि वर एरिक, आणि गेम त्याला विचारतो दोर कापायचा का. खोलीत शांतता. बायको शेजारी बसलेली, तिच्या मांडीवर त्याचा प्लॅस्टरवाला पाय. आणि या माणसाने दोर कापला. वर म्हणतो कसा, 'अगं मला वाटलं मी पण ओढला जाईन.' तिने पाय उचलून खाली ठेवला, अगदी हळूच. रेचेल त्यातून वाचली पण तो रात्रभर वाचला नाही.

दोनच्या सुमारास लाईट गेली. इन्व्हर्टरने पीएस५ घेतला नाही, पन्नास मिनिटं अंधारात बसलो, बाहेर पाऊस, आणि खरं सांगतो गेमपेक्षा तेव्हा जास्त फाटली होती. दचकणाऱ्याने मोबाइलचा टॉर्च बंद करूच दिला नाही. परत आल्यावर गेम जवळजवळ तिथूनच सुरू झाला. खालच्या मजल्यावरच्या काकांनी सकाळी लिफ्टमध्ये कागद लावलाय, 'रात्री ११ नंतर किंकाळ्या मारू नयेत. मारायच्याच असतील तर कारण कळवावे.'

तोरण्यावर 'डावीकडे' म्हणणारा म्हणून ज्याच्यावर माझा संशय आहे त्याच्याकडे जेसन होता. प्रत्येक निवडीला पहिल्या सेकंदाला बटण दाबायचा, वाचायच्या आत. पहाटे चारला जेसन गेला. मी निक, मीही गेलो, पण ते माझ्या चुकीने नाही, ते त्याच्या चुकीने, हे इथे लिखित स्वरूपात राहू द्या.

शेवटपर्यंत अंगावर ओरखडा न येता कोण राहिलं? सलीम. आणि सलीम होता मारिओवाल्याकडे. त्याला विचारलं कसं काय, तर म्हणाला मी काही दाबतच नव्हतो बऱ्याच वेळा, आणि जो मदत मागेल त्याला हो म्हणत होतो.

मग साडेपाचला चहा घेताना तो सहज म्हणाला, तोरण्यावर पण मी काही बोललो नव्हतो, मला उजवीकडची वाट दिसत होती. सहा वर्षांनी! आम्ही चौघं त्याच्याकडे बघत बसलो.

गृहिणी_गेमर
सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या विचारतायत दोर कापणाऱ्याला सकाळी नाश्ता मिळाला का.

तोरणा_व्हाया_राजगड
मिळाला, पोहे, पण स्वतः करायला लागले, एका पायावर.

पुढच्या शनिवारी परत बसतोय, यावेळी अनटिल डॉन, सकाळी दहापासून. तिची अट आहे की नवऱ्याने फक्त सबटायटल वाचायची. पीएस५ डिस्कवाला आहे त्यामुळे जुनी पीएस४ ची डिस्क चालेल, कोणाकडे पडून असेल तर कळवा, कोथरूड, वारजे, धायरी कुठेही येऊन घेऊन जाईन.

बिनसाखरेचा
माझ्याकडे आहे. टीपॉय वापरणार नाही असं कबूल केलंत तर देतो.