मदत हवी आहे: बंपरमागे रडार बसवल्यावर अर्ध्या मीटरच्या आतले काही दिसत नाही

नमस्कार. आम्ही तिघे जण इंदूरमध्ये मोटारीच्या मागच्या कोपऱ्यात बसवायचा, जवळच्या पल्ल्याचा रडार सेन्सर तयार करत आहोत. गाडी मागे घेताना खांब किंवा भिंत कळावी आणि राजवाड्याजवळच्या गर्दीत बंपरला जवळजवळ घासून जाणारी दुचाकी वेळीच लक्षात यावी, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा आहे. टेबलावर उघडा ठेवला तर तो हे काम बिनतक्रार करतो, परंतु बंपरच्या मागे गेला की त्याला जवळचे दिसेनासे होते. पीथमपूरला वाहनांच्या चाचणीसाठी 11.3 किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आहे, हे ठाऊक आहे. पण आमचे घोडे पहिल्या अर्ध्या मीटरातच अडले आहे.

मांडणी अशी आहे. भारतात 76 ते 77 गिगाहर्ट्झचा पट्टा अशा रडारसाठी 2015 पासून परवानामुक्त असल्यामुळे आम्ही त्यातच राहिलो आहोत. चर्पचा, म्हणजे वारंवारता सतत वाढत जाणाऱ्या प्रत्येक रडार-लहरीचा, उतार मायक्रोसेकंदाला 30 मेगाहर्ट्झ आहे. सुरुवातीचा आणि शेवटचा भाग वगळता सुमारे 900 मेगाहर्ट्झ बँडविड्थ हाती उरते, म्हणजे रेंज बिन (अंतराचा एक कप्पा) साधारण 17 सेंटिमीटरचा होतो. दोन ट्रान्समिट आणि चार रिसीव्ह अँटेना आहेत. सेन्सर गाडीच्या चौकटीला ब्रॅकेटने जोडला असून त्याच्यापुढे सहा सेंटिमीटरवर पॉलिप्रॉपिलीनचा बंपर येतो.

बंपर लावताच पहिल्या दोन-तीन बिनमध्ये एक ठाम ‘वस्तू’ उभी राहते आणि ती कधीच हलत नाही. लोहा मंडीतल्या पत्रेवाल्याकडून दहा सेंटिमीटर कडांचा कॉर्नर रिफ्लेक्टर (लहर आली त्याच दिशेने परत पाठवणारा धातूचा कोपरा) करून घेतला होता. तो दोन मीटरवर बंपरमधूनही स्वच्छ दिसतो, परंतु सुदामानगरच्या पार्किंगमध्ये पन्नास सेंटिमीटरवर उभी केलेली स्कूटर मात्र दिसत नाही. म्हणजे बंपर सगळेच खाऊन टाकतो, असे म्हणता येत नाही. प्रत्येक फ्रेममधील (एका मापनातल्या) चर्पची सरासरी वजा करून पाहिली. त्याने खोटी वस्तू गेली, पण तिच्यासारखाच न हलणारा खांबही तिच्याबरोबर गेला, आणि पार्किंगच्या सेन्सरला खांबच दिसणार नसेल तर त्याचा उपयोग काय?

बंपरला भोक पाडावे, सेन्सरची जागा बदलावी की सॉफ्टवेअरमध्येच काही करता येईल, याबाबत जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

भोक पाडण्याची घाई करू नका. तुमच्याकडे एक नव्हे, दोन वेगळे दोष आहेत.

स्कूटर न दिसण्याचे कारण बहुधा बंपर नसून चिपमधला हाय-पास फिल्टर (कमी वारंवारता अडवणारी गाळणी) आहे. तुमच्या उतारावर पन्नास सेंटिमीटरची बीट फ्रीक्वेन्सी (पाठवलेल्या आणि परतलेल्या लहरींच्या वारंवारतेतला फरक) फक्त 100 किलोहर्ट्झ येते. फिल्टरची कट-ऑफ (जिच्याखालचे तो दाबतो ती मर्यादा) 175 किलोहर्ट्झला असेल, तर ती वस्तू अगोदरच दबलेली असते. उघड्यावर ती कशीबशी तगते, बंपर आला की बुडते. उतार 80 केलात तर तीच वस्तू सुमारे 267 किलोहर्ट्झवर जाईल. रिझोल्यूशन (जवळजवळच्या वस्तू वेगळ्या ओळखण्याची क्षमता) बँडविड्थवर ठरते आणि बीट उतारावर, त्यामुळे पट्टा न ओलांडता चर्प आखूड करून हे साधते. पाच मेगाहर्ट्झच्या रिसीव्हरला मग नऊ मीटरच्या आसपासचेच दिसेल, पण मागे घेताना तेवढे पुरे आहे.

खोटी वस्तू हा बंपरचा परावर्तित भाग आहे. जाडी व्हर्निअरने मोजा. या प्लास्टिकमध्ये अर्धी तरंगलांबी सुमारे 1.28 मिलिमीटर भरते, म्हणून 2.56 मिलिमीटर जाडीला परावर्तन सर्वांत कमी असते आणि 3.2 ला सर्वांत जास्त. तिथे जवळपास सोळा टक्के शक्ती परत येते. रिकाम्या जागेचे प्रोफाइल (समोर काही नसतानाचे मापन) प्रत्येक चॅनेलसाठी, म्हणजे अँटेनांच्या प्रत्येक जोडीसाठी, फेजसह (लहर फेऱ्याच्या कोणत्या टप्प्यावर आहे त्यासह) साठवून एफएफटीनंतर (बीटवरून अंतर काढणाऱ्या गणितानंतर) वजा करा, म्हणजे खांब शाबूत राहील.

मात्र आधी ब्रॅकेट बदला. सेन्सर चौकटीवर आणि बंपर वेगळा लटकत असेल, तर इंजिन सुरू होताच दोघांतले अंतर थरथरते. ते एक मिलिमीटरने बदलले तरी फेज जवळपास अर्धा फेरा फिरतो आणि तुमची वजाबाकी ही बेरीज होऊन बसते. सेन्सर बंपरलाच जोडा, दोघे एकत्र हलू द्या.

मूळ प्रश्नकर्ता

मनापासून आभार. जाडी 3.0 मिलिमीटर निघाली, म्हणजे आम्ही नेमके वाईट टोकाजवळच होतो. उतार 80 करताच, दुसरे काहीही न बदलता, स्कूटर पन्नास सेंटिमीटरवर दिसू लागली. वजाबाकी इंजिन बंद असताना उत्तम चालली. इंजिन सुरू केले तेव्हा खोटी वस्तू पूर्वीपेक्षा ठळक होऊन परतली, आणि तेव्हा आपले ब्रॅकेटविषयीचे म्हणणे पटले. आता सेन्सर बंपरच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या चौकटीत बसवला आहे आणि इंजिन सुरू असतानाही खांब तीस सेंटिमीटरपर्यंत टिकतो.

एक शंका मात्र उरली आहे. हे सगळे रंग न दिलेल्या काळ्या बंपरवर झाले. चंदेरी मेटॅलिक रंगाचा बंपर लावला की परावर्तन पुन्हा वाढते, आणि बाजूला चाळीस अंशांवर ठेवलेला रिफ्लेक्टर पाच-सहा अंश आत सरकलेला दिसतो. रंगातल्या ॲल्युमिनियमच्या कणांमुळे जाडीचा हिशेब बदलतो, हे समजते. परंतु कोनातली ही चूक प्रत्येक रंगासाठी वेगळा तक्ता करून सुधारावी, की सेन्सरसमोरचा तेवढा तुकडा बिनरंगाचाच ठेवावा? ज्यांनी रंगवलेल्या बंपरवर प्रत्यक्ष काम केले आहे, त्यांचा अनुभव वाचायला आवडेल.