दोन सायकलींसाठी टो बार: लहान मोटारीला कोणता बसवावा?

गिरणाकाठ, जळगाव

नमस्कार. माझ्याकडे चार मीटरच्या आतली सीएनजी हॅचबॅक आहे. घरात दोन सायकली आहेत. माझी गिअरची एमटीबी (डोंगरी सायकल) साधारण १४ किलोंची, आणि मुलीची १२ किलोंची. सुटीच्या दिवशी चाळीसगावजवळच्या पाटणादेवीपर्यंत मोटारीने जाऊन पुढे सायकल चालवावी, पावसाळा ओसरल्यावर तोरणमाळही करावे, असा बेत आहे. टाकीमुळे डिकीत जागा नाही, आणि मागचे सीट पाडले तर घरच्यांनी बसायचे कुठे, हा प्रश्न उरतो. म्हणून मागे टो बार, म्हणजे ट्रेलर ओढण्यासाठी मोटारीखाली बसवतात ती लोखंडी जोडणी, लावून त्यावर सायकल कॅरियर बसवावा, असे वाटते. ५० मिमी गोळ्याचा बार (गोळ्यावर पकड बसते) आणि दोन इंची चौकोनी नळीचा बार (नळीत कॅरियरचा दांडा सरकवतात) असे दोन प्रकार पाहण्यात आले. एमआयडीसीतील एक फॅब्रिकेटर मात्र चासीला वेल्डिंग करून पुष्कळ कमी पैशांत बार बनवून देतो म्हणतो. यांपैकी काय घ्यावे, आणि बार कायमचा असावा की काढता येणारा?

लळिंग, धुळे

आपण गोळा की नळी असे विचारले आहे, पण त्याआधी मोटारीचे मॅन्युअल उघडून त्यात ट्रेलर ओढण्याविषयी काय लिहिले आहे ते पाहावे. ज्या मोटारीला उत्पादकाची परवानगी असते, तिच्यासाठी दोन वेगळे आकडे दिलेले असतात: मागे किती वजन ओढता येईल हा एक, आणि गोळ्यावर सरळ खाली किती भार टाकता येईल हा दुसरा. सायकलींच्या कामाचा आकडा दुसरा. विक्रेता बहुधा पहिला सांगतो, कारण तो मोठा दिसतो. युरोपात विकल्या जाणाऱ्या लहान मोटारींसाठी हा उभा भार बहुधा ५० ते ७५ किलोंच्या घरात असतो आणि बारवरच्या पट्टीवर ‘एस’ या अक्षरापुढे छापलेला असतो. आपल्याकडील अनेक हॅचबॅकच्या मॅन्युअलमध्ये असा आकडाच सापडत नाही, किंवा ट्रेलर जोडू नये असे लिहिलेले असते. तसे असेल तर कोणता बार घ्यावा हा प्रश्नच उरत नाही.

आता भाराचा हिशेब पाहा. सायकली २६ किलो आणि कॅरियर १७ ते २० किलो, म्हणजे बार सोडून ४५ किलो धरू. हे वजन मागच्या आसावर नसून आसाच्या मागे सव्वा मीटरहून अधिक अंतरावर लोंबते. दोन चाकांमधले अंतर अडीच मीटर आणि लोंबणारे अंतर १.३ मीटर धरले, तर मागच्या आसावर ४५ नव्हे, सुमारे ६८ किलो वाढतात आणि पुढच्या चाकांवरून सुमारे २३ किलो उचलले जातात. सीएनजीच्या टाकीने मागचा भाग आधीच पन्नास-साठ किलोंनी जड केलेला आहे. त्यात मागे माणसे बसली की स्प्रिंगा जवळजवळ टेकतात. हा झाला उभ्या मोटारीचा हिशेब. खड्ड्यात आदळताना बसणारा झटका याहून कितीतरी मोठा असतो.

फॅब्रिकेटरचे म्हणणे मात्र मुळीच ऐकू नये. आपल्या मोटारीला चासी नावाचा वेगळा सांगाडाच नाही. वेल्डिंग करायचे ते घडी घातलेल्या पातळ पत्र्यावर. उष्णतेने त्या पत्र्याची ताकद जाते आणि गंजरोधक थरही जळतो. शिवाय त्याच जागेच्या आसपास पेट्रोलची टाकी, सीएनजीचे सिलिंडर आणि त्याची नळी असते. तेथे वेल्डिंगची ठिणगी नेणे हा सरळ सरळ जिवाशी खेळ आहे.

सातपायरी, शहादा

वरील उत्तर हॅचबॅकपुरते योग्य आहे. पण ते वाचून कोणी टो बारच वाईट असे समजू नये. माझ्याकडे बोलेरो आहे. तिला शिडीसारखी स्वतंत्र चासी असल्याने दोन्ही बाजूंच्या लोखंडी पट्ट्यांना बोल्ट लावून बार बसवता येतो. वेल्डिंगची गरज पडत नाही. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा मजबुतीचा दर्जा छापलेला असावा. पहिल्या प्रवासानंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळून घ्यावेत.

ट्रेलर ओढायचा नसून फक्त सायकली न्यायच्या असतील, तर मी चौकोनी नळीच घेईन. गोळ्यावरचा कॅरियर केवळ पकडीच्या घर्षणावर उभा असतो, त्यामुळे पकड थोडी जरी सैल झाली तरी तो एका बाजूला कलतो. ओतीव लोखंडाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या गोळ्यावर कॅरियर लावू नये, असेही काही उत्पादक बजावतात. नळीत हा प्रश्न नसतो. फक्त आडवी पिन घातल्यावर जी थोडी खडखड उरते, ती थांबवणारा कसणीचा बोल्ट सोबत मिळतो का, ते पाहून घ्यावे. बार काढता येणाराच असावा. गावोगावचे उंच गतिरोधक आणि तोरणमाळच्या घाटातली वळणे पाहता, खाली आलेला कायमचा बार कधीतरी जमिनीला घासणारच.

सायकल बांधायच्या पट्ट्यांविषयी एक सूचना: आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात नायलॉन लवकर कडक होते. हंगाम सुरू होताना त्या बदलाव्यात. कॅरियरवर सायकल पकडताना कार्बन फ्रेमला चिमटा लावू नये, पकड चाकांवरच ठेवावी.

नवापूरकर

नंबर प्लेटचा विषय कोणीच काढला नाही. युरोपीय कॅरियरच्या मागे दिव्यांची पट्टी आणि जादा नंबर प्लेटची जागा असते, कारण तेथे तशी प्लेट करून लावता येते. आपल्याकडील उच्च सुरक्षा नंबर प्लेट न उघडणाऱ्या लॉकने बसवलेली असते आणि तिची जास्तीची प्रत रस्त्यावरच्या दुकानात करून लावणे नियमात बसत नाही. त्यामुळे ज्या मोटारीची प्लेट डिकीच्या दारावर आहे, तिच्यामागे सायकल आडवी लागली की क्रमांक आणि अनेकदा ब्रेकचे दिवेही झाकले जातात. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार क्रमांक स्पष्ट दिसलाच पाहिजे.

दुसरे म्हणजे मोटारीच्या मूळ रचनेत फेरफार करण्यास मनाई करणारे मोटार वाहन कायद्याचे कलम ५२. २०१७ च्या डिसेंबरात केंद्रीय परिवहन मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवून बंपरवरच्या क्रॅश गार्डवर (धक्क्यापासून बचावासाठी लावलेल्या लोखंडी दांड्यांवर) कारवाई करण्यास सांगितले, ते याच कलमाच्या आधारे. टो बार त्या पत्राचा विषय नव्हता, परंतु नाक्यावरचा हवालदार बंपरबाहेर आलेले लोखंड पाहून काय म्हणेल, याचा भरवसा देता येत नाही. कायमच्या बारविरुद्ध हे आणखी एक कारण. विमा कंपनीला लेखी कळवून ठेवणे तर आवश्यकच आहे.

बाजूला किती येते तेही मोजून पाहावे. मोठ्या माणसाची सायकल पावणेदोन मीटरच्या आसपास लांब असते आणि लहान मोटारीची रुंदीही जवळपास तितकीच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मर्यादेबाहेर डोकावणाऱ्या भाराला २०,००० रुपये दंड आहे.

गिरणाकाठ, जळगाव

आपणा सर्वांचे आभार. मॅन्युअल पाहिले, ट्रेलर जोडू नये असेच त्यात लिहिले आहे, म्हणून टो बारचा विचार सोडला. छतावरील भारमर्यादा मात्र ५० किलो दिली आहे. आता छतावरचा कॅरियर घ्यावा की डिकीच्या दाराला पट्ट्यांनी अडकवायचा?

लळिंग, धुळे

छतावरचाच घ्यावा. दोन आडवे दांडे, दोन कॅरियर आणि २६ किलोंच्या सायकली मिळून ४० किलोंच्या आसपास होतील, म्हणजे मर्यादेत बसते. नंबर प्लेट आणि दिवेही उघडे राहतात. दाराला अडकवणाऱ्या कॅरियरच्या आकड्या पत्र्याच्या कडेवर ताण देतात, आणि सायलेन्सरच्या तोंडासमोर सायकलचा टायर आला तर तो वितळतो. छतावरच्या कॅरियरमुळे वाऱ्याचा अडथळा वाढून गॅस जास्त जाईल आणि महामार्गावर वेग कमी ठेवावा लागेल, हे खरे. एकूण उंची अडीच मीटरच्या पुढे जाईल, तेव्हा सायकली चढवल्यावर टेपने मोजून तो आकडा स्टिअरिंगजवळ चिकटवून ठेवावा. रेल्वेखालच्या बोगद्यांपुढे उंचीच्या लोखंडी कमानी असतात. रोजच्या रस्त्यावर त्या आपल्या लक्षातही येत नाहीत.