मामाच्या झेनिटची हेलिओस लेन्स सोनीवर लावली, पण दहातले आठ फोटो धूसर येतायत

गच्चीवरचा
मंडळी, मदत हवीय. मामाचं जुनं घर आवरताना माळ्यावर त्याचा झेनिट (जुना रशियन फिल्म कॅमेरा) सापडला, तपकिरी चामड्याच्या कव्हरसकट. कॅमेऱ्याचं शटर अडकलंय पण पुढची लेन्स मस्त फिरते, हेलिओस ४४-२, ५८ एमएम एफ २, नंबर ७८ ने सुरू होतो. मामा म्हणाला घेऊन जा, माझ्या काय कामाची आता. माझ्याकडे सोनी ए६४०० आहे, अडॅप्टर (लेन्स आणि कॅमेऱ्यामधली जोडकडी) मागवला, लावला, तर आधी शटरच दाबलं जाईना, लेन्स नाही म्हणून मेसेज. ते मेन्यूत 'रिलीज विदाऊट लेन्स' चालू केल्यावर सुटलं. आता फोटो निघतायत, आणि जे जमलेत ते बघून मी खुळा झालोय, मागची झाडं गोल गोल फिरल्यासारखी दिसतात. पण दहातले दोनच जमतात. माझी पोरगी ४ वर्षांची, तिचा कान फोकसमध्ये आणि डोळे गायब, असं चाललंय. फोकस कुठे आहे ते दाखवणारे स्क्रीनवरचे लाल ठिपके (पीकिंग) चेहराभर दिसत असतात तरी. शिवाय टॉर्च मारला तर आतल्या काचेवर कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी आहे. आणि या लेन्सला अ‍ॅपर्चरच्या (आतलं उजेडाचं छिद्र लहानमोठं करायच्या) दोन दोन रिंगा कशाला?

सरळसोट
राग मानू नका, पण चार वर्षांच्या पोरीच्या मागे मॅन्युअल (हाताने फोकस करायची) लेन्स घेऊन धावणं म्हणजे चाळणीने पाणी भरणं. ए६४०० आपणहून डोळा शोधते, ती सोय बंद करून काय मिळवलं? ऑटोफोकसवाली पन्नास एमएम एफ १.८ लेन्स घ्या, सेकंडहँड मिळेल, मोकळे व्हा.

अंधारखोली
सरळसोट, मुद्दा बरोबर आहे, वाढदिवसाला मीपण ऑटोफोकसच लावतो. पण त्यांना जमलेले दोन फोटो बघून खूळ लागलंय, ते काय पन्नास एफ १.८ ने जाणारे? :)

गच्चीवरचा, तुमची लेन्स बहुतेक १९७८ ची आहे, रशियन लेन्सच्या नंबरात पहिले दोन आकडे सहसा सालाचे असतात. मूळ डिझाइन जर्मन, कार्ल झाइसच्या बायोटारचं, रशियनांनी ते उचललं आणि झेनिटबरोबर ढिगाने विकलं. ते गोल फिरणं त्या डिझाइनचंच आहे, आणि खरं तर ते फ्रेमच्या कडेला जास्त असतं, तुमचा सेन्सर फिल्मपेक्षा लहान, त्यावर कडा कापल्या जातात म्हणून तुम्हाला थोडंच दिसतंय. माणूस दीड-दोन मीटरवर आणि मागे लांब पानांतून ऊन झिरपणारं झाड, असं उभं करून बघा.

आता धूसरचं. एक मीटरवर एफ २ ला, म्हणजे छिद्र पूर्ण उघडं असताना, तुमच्याकडे जेमतेम अडीच सेंटीमीटर जागा शार्प असते, म्हणजे पापणीपासून कानापर्यंतसुद्धा पुरत नाही. पीकिंगवर फार विश्वास ठेवू नका, ते कॉन्ट्रास्ट दिसेल तिथे ठिपके टाकतं, त्याची लेव्हल लो करा आणि फोकस मॅग्निफायर (स्क्रीनवर तेवढाच भाग मोठा करून दाखवणारी सोय) एका बटणावर द्या, मी सी१ वर दिलाय. डोळा मोठा करून बघायचा, फिरवायचं, दाबायचं. आणि फोकस झाल्यावर आपण स्वतःच श्वासाबरोबर पुढेमागे होतो हे कुणी सांगत नाही, अडीच सेंटीमीटर तिथेच संपतात. मी कोपरं पोटाशी घट्ट धरतो, रिंग थोडी पलीकडे नेऊन परत आणतो आणि शेवटची केसभर दुरुस्ती डोकं पुढेमागे करून.

ए६४०० च्या बॉडीत स्टॅबिलायझेशन (हात हलला तर सावरायची सोय) नाही आणि ५८ एमएम तुमच्या लहान सेन्सरवर साधारण ८७ सारखी वागते, त्यामुळे शटर १/२५० च्या खाली नको, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ऑटो ठेवून मिनिमम शटर तिथे लावा.

दोन रिंगांचं सोपं आहे. आकड्यांची टकटक वाजणारी रिंग ४ वर ठेवा. दुसरी मऊ फिरते, ती पूर्ण उघडून उजेडात फोकस करा, मग बंद बाजूला फिरवा, ती आपोआप ४ ला अडेल, कॅमेऱ्यातून डोळा काढायला नको. पोरगी पळत असेल तर ५.६ किंवा ८, लेन्सवरच्या आकड्यांवर अंतर २ मीटरला ठेवायचं आणि ती तेवढ्यावर आली की दाबायचं. ते अंतराचे आकडे शोभेला नाहीत, मामाच्या वेळी लोक त्यावरच लग्नं काढायचे.

रत्नांग्रीकर
ते जाळं म्हणजे फंगस. आमच्याकडे पावसाळ्यात चपलांना बुरशी येते तिथे लेन्सची काय कथा. कडेला थोडं असेल तर फोटोत दिसणारही नाही, फक्त उन्हासमोर धरलं की धुरकट येईल. तसंही या लेन्सवरचं कोटिंग जुनं, समोरून ऊन आलं की कॉन्ट्रास्ट बसतो, ४९ एमएमचं रबरी हूड घ्या नाहीतर हाताने सावली करा. पण वाढू देऊ नका, फंगस कोटिंग खातं आणि मग साफ करूनही डाग राहतो. एकदा उघडून साफ करून घ्या, घरी यूट्यूब बघून नको, मी एक लेन्स अशीच उघडली आणि फोकसचे आटे परत बसवताना एका आट्याने चुकलो, आता ती टेबलावर कागद दाबायला आहे.

पहिलं काम, ते चामड्याचं कव्हर लेन्सपासून लांब ठेवा. कितीही आठवणीचं असलं तरी ते ओल धरतं. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतेचा काटा, ४० ते ५० मध्ये राहिलं पाहिजे. आणि बाकीच्या लेन्सच्या शेजारी ठेवू नका, मी तरी ठेवत नाही.

अंधारखोली
+१. बाकी माझ्याकडे सुपर टाकुमार ५० एफ १.४ ही जुनी जपानी लेन्स आहे, तिच्या काचेत थोरियम (किरणोत्सारी धातू), त्यामुळे कालांतराने चहासारखी पिवळी पडते. काही आठवडे गॅलरीत उन्हात ठेवली, खाली फॉइल, तर बरीच निवळली. बायको म्हणे पापड वाळवतात तसं लेन्सही वाळवायला लागलास.

गच्चीवरचा
सगळ्यांचे आभार, अपडेट देतो. पोरीचा नाद तूर्त सोडला, आई गवार मोडत बसली होती ती हलत नाही, तिच्यावर सराव केला. एफ ४ ला दहातले सहा! मग काल मामा आला होता, त्याच्या हातात कॅमेरा दिला. लाल ठिपके बघून म्हणाला हे काय गोवर आल्यासारखं, बंद कर. बंद केलं, एक डोळा मिटला, एकदा रिंग फिरवली, खट्. पोरगी पळत होती, डोळा शार्प. मग विचारतो कसा, रोलमध्ये किती उरलेत?

लेन्स साफ करायला देतोय, हूड मागवलं.

डी५३००वाला
मध्येच घुसतो, माझ्या नायकॉन डी५३०० वर हेलिओस चालेल का?

अंधारखोली
नको. एम४२ ला (हेलिओसचा आट्यांचा माउंट, म्हणजे लेन्स बसायची जागा) लेन्स सेन्सरपासून ४५.४६ एमएमवर लागते आणि नायकॉनचा माउंटच ४६.५ वर, म्हणजे अडॅप्टरला जागाच नाही, लांबचं काही फोकस होणार नाही. मध्ये काच असलेले अडॅप्टर मिळतात पण फोटो मऊ पडतो. सोनीचं अंतर १८, म्हणून तिथे पोकळ नळीसुद्धा चालते. तुम्ही जुनी एआय निक्कोर (नायकॉनचीच मॅन्युअल लेन्स) बघा, थेट बसेल, फक्त उजेड मोजणारं मीटर चालणार नाही, एम (मॅन्युअल) मोडवर अंदाजाने. व्ह्यूफाइंडरमधला हिरवा ठिपका मात्र फोकस सांगतो.