कागदी पानांचे कडे: पाने कात्रणांसारखी का दिसतात?

विषय: पानगळीच्या सजावटीसाठी कागदी कडे, मार्गदर्शन हवे

सर्वांना सप्रेम नमस्कार,

दारावर लावायचे पिवळ्या-तांबड्या पानांचे गोल कडे मी मागच्या वर्षी घरीच कागदाचे केले होते. रंगीत कागद घेतले, एकाच साच्यावरून साठेक पाने कापली आणि ती पुठ्ठ्याच्या गोल चकतीवर चिकटवली. पहिल्या दिवशी काम बरे दिसले; परंतु तिसऱ्या आठवड्यापर्यंत कडे खाली ओघळून अंडाकृती झाले, पेन्सिलीवर गुंडाळून वळवलेली पाने पुन्हा सपाट झाली आणि उजेडाच्या बाजूची तांबडी पाने फिकट पडली. खरे सांगायचे तर ती पहिल्या दिवशीही पाने वाटत नव्हती, पानांच्या आकाराची कात्रणे वाटत होती. चूक कागदाची, डिंकाची की माझ्या हाताची, हे जाणकारांनी सांगितल्यास यंदा पुन्हा प्रयत्न करीन. शिवाय या वस्तूला मराठीत म्हणावे तरी काय? ‘पुष्पचक्र’ म्हणायला जीभ रेटत नाही.

आपली नम्र,
एक सभासद

उत्तर: पानगळीच्या सजावटीसाठी कागदी कडे

ताई, सप्रेम नमस्कार.

आधी नावाचे मिटवू. पुष्पचक्र हा शब्द श्रद्धांजलीच्या बातम्यांनी कायमचा आपल्याकडे घेतला आहे आणि तोरण आडवे असते, तेव्हा मी आपला सरळ ‘पानांचे कडे’ म्हणतो.

आता मूळ प्रश्न. आपण कागद वाचावा म्हणून साचा कधी उभा, कधी आडवा, कधी तिरपा ठेवून पाने कापली असणार, असा माझा अंदाज आहे. मीही पहिल्यांदा तेच केले होते. कागद यंत्रावर तयार होताना लगद्यातले बरेचसे तंतू यंत्राच्या वाहत्या दिशेला समांतर बसतात. या दिशेला छपाईच्या धंद्यात ग्रेन म्हणतात. ग्रेनला समांतर घडी स्वच्छ पडते, आडवी घातलेली घडी मात्र कडेला फाटल्यासारखी खडबडीत होते आणि जाड कागदावर तर तडकते. ओल लागली की तंतू लांबीपेक्षा रुंदीत अधिक फुगतात, त्यामुळे डिंक लावलेला कागद ग्रेनभोवतीच पन्हळीसारखा वळतो. म्हणून पानाची मधली शीर ग्रेनला समांतर येईल असाच साचा ठेवावा. असे केले की डिंकाच्या ओलीने पान वळले तरी ते मधल्या शिरेभोवती, खऱ्या वाळक्या पानासारखेच वळते. उलट ठेवले तर टोक देठाकडे गुंडाळले जाते आणि तिथेच पानाचे कात्रण होते.

ग्रेन ओळखायला कसलेही उपकरण लागत नाही. कागद घडी न पाडता आधी लांबीतून आणि मग रुंदीतून नुसता वाकवून पाहावा. जिकडे हाताला कमी विरोध जाणवतो, तिकडच्या वाकाच्या रेषेला तंतू समांतर असतात. खात्री करायची असेल तर कोपऱ्याचा तुकडा दोन्ही दिशांनी फाडावा: ग्रेनच्या दिशेने तो बऱ्यापैकी सरळ फाटतो, आडवा फाडला तर वाट सोडून भरकटतो.

पेन्सिलीवर गुंडाळून दिलेला बाक टिकत नाही, कारण तो कागदाला नुसता ताण देतो. दोन गोष्टींनी बाक टिकतो, एक घडी आणि दुसरी ओल. वर्तमानपत्राच्या जाड घडीवर पान ठेवून, शाई संपलेल्या बॉलपेनने मधली शीर दाबून ओढावी, त्या रेषेवर पान मिटावे आणि मिटलेल्या पानावरच देठापासून कडेकडे तिरप्या, उथळ चुण्या घालाव्यात. पान उघडले की दोन्ही बाजूंच्या शिरा जोडीजोडीने उमटलेल्या दिसतात. त्यानंतर फवारणीच्या बाटलीतून धुक्याइतके पाणी उडवून बोटांनी हवा तो बाक द्यावा आणि पान तसेच वाळू द्यावे. ओलाव्याने तंतूंमधले बंध सैल होतात आणि वाळताना नव्या आकारात पुन्हा जुळतात. छपाईच्या साध्या ८० जीएसएम (म्हणजे दर चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाच्या) कागदाला हे झेपत नाही, त्याचा लगदा होतो. १२० ते २०० जीएसएमचा कागद घ्यावा.

रंगाबाबत माझे मत थोडे कडक आहे. एकरंगी कागदाचे पान कितीही सुबक कापले तरी कागदच राहते. झाडावर हरितद्रव्य नाहीसे होऊ लागले की पानात आधीपासून असलेला पिवळा रंग उघडा पडतो. तांबडा मात्र बहुतेक करून त्याच सुमाराला नव्याने तयार होतो. तोच क्रम रंगवताना पाळावा: पांढऱ्या जाड कागदाला दोन्ही बाजूंनी पातळ पिवळा हात द्यावा, पाने कापावीत आणि मग ओलसर ब्रशने कडेकडून आत नारिंगी व तांबडा सोडावा. शिरांजवळ हिरवा बऱ्याचदा शेवटपर्यंत रेंगाळतो, म्हणून सात-आठ पानांत तिथे किंचित हिरवा ठेवावा. सगळ्यांत ठेवला तर पुन्हा साचेबंदपणा आला.

कडे ओघळण्याचे कारण बहुधा एकेरी पुठ्ठा. खोक्याच्या पुठ्ठ्याच्या आत पन्हळ असते आणि तो त्या पन्हळीला समांतर सहज वाकतो. बाहेरचा व्यास ३० सेंटीमीटर आणि आतला २० अशा दोन चकत्या कापाव्यात, एकीची पन्हळ दुसरीच्या पन्हळीला काटकोनात येईल अशा एकमेकींवर चिकटवाव्यात आणि रात्रभर जड वहीखाली ठेवाव्यात. पानांचा हिशेबही सोपा आहे. दर चार सेंटीमीटरला एक पान धरले तर बाहेरच्या ओळीत २४, मधल्या ओळीत २० आणि आतल्या ओळीत १६ पाने बसतात, म्हणजे आपण म्हणता तशी बरोबर साठ. डिंक फक्त देठाकडच्या एक तृतीयांश भागाला लावावा, उरलेले पान मोकळे राहू द्यावे, कारण सावली पडते ती त्या मोकळ्या भागाखालीच. अडकवण्यासाठी मागे एकच फास न ठेवता घड्याळातल्या दहा आणि दोनच्या जागी दोन ठेवावेत.

आपला,
सजावटीचा हौशी सभासद

उत्तर: पानगळीच्या सजावटीसाठी कागदी कडे

नमस्कार मंडळी,

वरील उत्तर उत्तम आहे; परंतु ‘एकरंगी पान म्हणजे कागदच’ या वाक्याला माझी हरकत आहे. गिंको नावाच्या झाडाची पाने पानगळीत अगदी एकसारखी पिवळी होतात आणि तीच त्यांची शोभा असते. या पानाला मधली शीरही नसते. देठापासून निघालेल्या शिरा पुढे दोन-दोन फाटे फुटत पंख्यासारख्या पसरतात. त्यामुळे इथे मिटायचे काहीच नाही. देठापासून कडेपर्यंत बॉलपेनने जवळजवळ रेषा ओढल्या आणि वरच्या कडेला मधोमध एक खाच दिली की काम झाले. ग्रेन देठापासून वरच्या कडेकडे जाईल असा धरावा. पिवळ्या कागदाची अशी दहा-बारा पाने रंगवलेल्या पानांमध्ये पेरली, तर डोळ्याला विसावाही मिळतो आणि करणाऱ्याचा वेळही वाचतो.

पाने फिकट पडण्याबद्दल कोणी लिहिलेले नाही. शाळेच्या हस्तकलेचे स्वस्त रंगीत कागद बहुतेक वेळा लाकडाच्या भरड लगद्याचे असतात. त्यातले लिग्निन हे लाकडातले द्रव्य उजेडाने पिवळे पडते आणि वरचा रंगही उडतो. आम्लमुक्त कागद आणि उजेडात टिकणारे रंग वापरले तर कडे अधिक काळ तजेलदार राहते, पण थेट ऊन कशालाच मानवत नाही. पारदर्शक ॲक्रिलिक वार्निश मारायचे झाल्यास उघड्या हवेत, पातळ हातांनी, दोनदा मारावे. एकाच जाड हाताने कागद काचेसारखा चकाकतो आणि पान प्लॅस्टिकचे वाटू लागते.

डिंकाबद्दल एवढेच, की पांढरा डिंक पातळ पानांना सुरकुत्या पाडतो आणि गरम डिंकाची बंदूक बोटे भाजते. मी पाने पांढऱ्या डिंकाने लावते, तोही काडीच्या टोकावर मावेल इतकाच घेऊन, आणि बंदूक केवळ मागच्या फासांसाठी ठेवते. मात्र उन्हाने तापणाऱ्या काचेच्या दारावर गरम डिंक मऊ पडतो, म्हणून तिथे फास दोऱ्याने शिवून घ्यावेत.

आपली,
आणखी एक सभासद

उत्तर: पानगळीच्या सजावटीसाठी कागदी कडे

सर्वांना नमस्कार,

दोन शनिवार खर्ची पडले, पण कडे झाले. अंदाज अगदी बरोबर होता. मागच्या वर्षीचे कडे खोक्यातून काढून पाहिले, तर ज्या पानांच्या शिरा तडकल्या होत्या ती सगळी कागदावर आडवी ठेवून कापलेली निघाली. यंदा चाळीस पाने रंगवली आणि वीस गिंकोची केली. पिवळा हात एकाच बाजूला देण्याचा आळस पहिल्या कागदावर केला. तो वाळेपर्यंत होडीसारखा वळला आणि त्यातली सहा पाने टाकून द्यावी लागली. दुसरी चूक ओळींच्या क्रमाची होती. मी आतल्या ओळीपासून सुरुवात केली, त्यामुळे पुढच्या ओळीचे देठ उघडे पडू लागले. सोळाच्या सोळा पाने उपटून बाहेरच्या ओळीपासून पुन्हा लावली, तेव्हा प्रत्येक ओळीने आधीच्या ओळीचे देठ झाकले आणि सर्वांत आतले देठ कड्याच्या मागे वळवता आले. ही गोष्ट सांगायची राहिली होती, म्हणून पुढच्यांसाठी लिहून ठेवते.

फवारणीचा परिणाम मात्र पाहण्यासारखा आहे. संध्याकाळी बाजूने दिवा लागला की पानांखाली सावल्या पडतात आणि उमटवलेल्या शिरा बोटाला लागाव्यात इतक्या ठळक दिसतात. मोसम संपल्यावर कडे ठेवावे कसे, तेवढे कृपया कळवावे.

आपली नम्र

उत्तर: पानगळीच्या सजावटीसाठी कागदी कडे

ताई, कडे टांगून ठेवू नये आणि पालथेही घालू नये. पाने वर करून, कड्यापेक्षा उंच खोक्यात आडवे ठेवावे, सिलिका जेलच्या दोन पुड्या सोबत टाकाव्यात आणि खोक्यावर दुसरे काही रचू नये. पुढच्या वर्षी एखादे पान सपाट झालेले आढळले, तर ते न काढता त्याच जागी किंचित पाणी फवारून बोटाने पुन्हा वळवता येते.