एकच बोधचिन्ह सगळीकडे चालते का?

धागाकर्ता
लहान उद्योजक दुकानाची पाटी, वेष्टन, पावती आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे गोल चित्र या सर्वांसाठी एकच चित्र ताणून किंवा आक्रसून वापरतात आणि ग्राहकाला नाव आठवत नाही म्हणून जाहिरातीच्या खर्चाला बोल लावतात. बोधचिन्ह आखतानाच ते कुठे कुठे छापले जाणार याचा विचार झाला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. स्टेट बँकेचे चिन्ह पाहा. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतील शेखर कामत यांनी १९७१ मध्ये आखलेले ते निळे वर्तुळ आणि त्यातील फट पासबुकावर, शाखेच्या पाटीवर आणि पुढे मोबाइलच्या पडद्यावरही तितकेच स्पष्ट राहिले, कारण त्यात पुसट होण्यासारखे काही नव्हतेच.

पहिला प्रतिसाद
असहमत. स्टेट बँक घरोघरी पोहोचली ती गावोगावच्या शाखांमुळे. त्याचे श्रेय वर्तुळाला देणे म्हणजे पाटीमुळे दुकान चालते असे म्हणणे होय. अमूलच्या फलकांवर १९६६ पासून तीच मुलगी आहे, तरी लोक थांबून वाचतात तो ताज्या घडामोडीवरचा श्लेष. निरोप शब्दच पोहोचवतात.

धागाकर्ता
तो श्लेष अमूलचा आहे हे धावत्या बसमधून कळते, ते ठिपक्यांच्या फ्रॉकमुळे. आधी ओळख पटते, मग वाचन होते; हा क्रम आरेखनानेच साधलेला आहे.

दुसरा प्रतिसाद (अक्षरांचे काम करणारा)
दोघांनीही लिपीचा मुद्दा सोडला आहे. दुकाने व आस्थापना अधिनियमातील २०२२ च्या दुरुस्तीनुसार पाटीवरील मराठी अक्षरे इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान असता कामा नयेत. पुष्कळांनी यावर उपाय म्हणून रोमन नावाच्याच उंचीच्या पट्टीत देवनागरी नाव कोंबले. पण देवनागरीला वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार यांसाठी जागा लागते, त्यामुळे त्याच पट्टीत मूळ अक्षर बारीक होते आणि नियम कागदोपत्री पाळूनही नाव दुरून वाचता येत नाही. त्यातच रोमन वळणाची नक्कल करण्यासाठी शिरोरेषा तोडली, तर उरलासुरला वाचकही गोंधळतो. वर्तमानपत्री कागदावर शाई पसरते, तेव्हा अक्षरांतील बारीक गाठी आधी बुजतात. हे मोठ्या पडद्यावर नमुना पसंत करणाऱ्या ग्राहकाला दिसतच नाही.

तिसरा प्रतिसाद (छापखानेवाला)
हे सारे खरे असले तरी पैसे कोण देणार? पापड-मसाल्याचा घरगुती उद्योग चालवणाऱ्या ताई वेष्टनाच्या पहिल्या हजार पिशव्यांची रक्कमही दोन हप्त्यांत देतात. त्यांना चार माध्यमांसाठी चार नमुने घ्या म्हणणे मला पटत नाही. शिवाय पडद्यावरचा झगझगीत हिरवा चार शायांच्या छपाईत मंदच उतरतो, आणि त्याचे खापर आमच्याच माथी फुटते.

धागाकर्ता
आपली अडचण मान्य आहे, परंतु मी चार नमुने मागत नाही. आधी एका रंगात, अंगठ्याच्या नखाएवढ्या आकारात चिन्ह ओळखता येते का ते पाहावे. ते जमले तर रबरी शिक्क्यापासून फ्लेक्सपर्यंत तेच निभावते आणि छपाईचा खर्चही घटतो.

तिसरा प्रतिसाद (छापखानेवाला)
एकरंगी चिन्ह दाखवले की ताई म्हणतात, “एवढेच? मग पैसे कशाचे?” त्यांना लक्ष्मी हवी असते, कमळासकट आणि सोनेरी किनारीसकट, आणि गिऱ्हाईक त्या आहेत.